वरच्या खोलीतला जर्मन

आमच्या घरात दुभाष्याचं काम माझ्याकडे आहे. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, त्याची ही शिक्षा. औषधाच्या खोक्यातला कागद असो नाहीतर वॉशिंग मशीनचं पुस्तक, नवरा ते माझ्यापुढे टाकतो आणि म्हणतो, "काय म्हणतंय बघ." तो कोडोलीचा, शेतकऱ्याच्या घरातला. मिसरूड फुटायच्या वयात शिरोलीच्या एका फाउंड्रीत लागला आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाला. इंग्रजी त्याला यंत्राच्या भागांच्या नावांपुरतं येतं. बाकी जगाचं म्हणणं माझ्यामार्फत त्याच्यापर्यंत जातं, आणि खरं सांगायचं तर वाटेत मी त्यात थोडी काटछाट करते. त्यानं भांडणं टळतात.

एकदाच काटछाट केली नाही. ती गोष्ट गेल्या वर्षीची.

फाउंड्रीनं जर्मनीहून साचे तयार करायचं नवं यंत्र आणलं होतं. ते बसवायला तिकडून एक फिटर आला. तिशीतला, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच, उन्हानं मान लाल झालेली. काही दिवस हॉटेलात राहिला आणि पोटानं आडवा पडला. मालकानं नवऱ्याला फोन केला. वरची खोली रिकामीच आहे, वहिनींना इंग्रजी येतं, घरचं साधं जेवण मिळेल, यंत्र चालू होईपर्यंत सांभाळा. नवऱ्यानं मला विचारायच्या आधी हो म्हणून टाकलं. पावणा म्हटलं की आमच्याकडे बाईमाणसाला विचारत नाहीत, फक्त आधण वाढवायला सांगतात.

पावणा वागायला चांगला होता, हे सांगितलंच पाहिजे. दारात बूट काढायचा ते जोडीनं, भिंतीला समांतर. ताट स्वतः धुवायचा. आमच्या नवऱ्यानं आजवर चमचाही धुतलेला नाही, त्यामुळे मला ते फार आवडायचं आणि मी ते मुद्दाम मोठ्यानं बोलून दाखवायची. दारू नाही, सिगारेट नाही. पहाटे उठून गच्चीवर व्यायाम करायचा. एवढ्या उकाड्यात हा माणूस मनगटापर्यंत बाह्यांचा शर्ट घालून जोर कसे काढतो, असं मला वाटायचं. डासांना भीत असेल, अशी मी माझी समजूत घातली.

नवरा त्याच्यावर खूश झाला तो दुधाच्या कट्ट्यावर. आमच्या शहरात म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, तिथे तो त्याला घेऊन गेला. पावण्यानं फेसाळ दुधाचा मोठा पेला उभ्या उभ्या संपवला आणि दुसरा मागितला. घरी येऊन नवरा म्हणाला, "आपला माणूस हाय."

आता लेकीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. ती नर्स आहे. इथल्या एका खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात काम करायची आणि संध्याकाळी जर्मन शिकायची. परीक्षा पास झाली, तेव्हा तिला तिकडच्या दोन शहरांतल्या इस्पितळांनी बोलावलं. एक पश्चिमेकडचं, एक पूर्वेकडचं. पूर्वेकडचं निघालं आमच्या पावण्याच्या गावाशेजारचं. त्याच्या आईचं घर तिथून वीस मिनिटांवर. नवऱ्याच्या दृष्टीनं प्रश्न तिथेच मिटला. "ओळखीचा माणूस हाय तिथं," तो म्हणाला. "परमुलखात आणि काय पायजे?" कोल्हापुरात एखाद्याचं काम अडलं की तो कायदा बघत नाही, ओळख बघतो. त्या हिशेबानं लेकीनं पश्चिमेकडच्यांना नकार कळवला आणि पूर्वेकडच्यांना होकार. पावण्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "असं का." आणि ताट धुवायला उठला. जर्मन लोक कमी बोलतात, असं मी ऐकून होते.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची खोली आहे, शेजाऱ्यांची. तिथे उत्तरेकडची पाच-सहा पोरं भाड्यानं राहतात. सगळी फाउंड्रीत कामाला. भट्टीपुढचं काम आता आपली पोरं करत नाहीत, हे नवऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्यानंच अशी माणसं हाताखाली वापरली. तरी संध्याकाळी चहाच्या वेळी त्या खोलीतून फोनवरचे आवाज येऊ लागले, की त्याचं एक ठरलेलं बोलणं असे. "माणसं चांगली असतील, मी कुठं वाईट म्हणतोय? पर त्यांनी आपापल्या मुलखात ऱ्हावं. हितली जागा हितल्यांसाठी हाय." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की कुकरच्या शिट्टीसारखं ते ऐकूही येईनासं झालं होतं. त्यातल्या एका पोराचे कान पैलवानाचे, मोडलेले. त्यानं एकदा तालमीत सराव करू द्याल का म्हणून विचारलं होतं. नवरा तालमीच्या कमिटीवर आहे. इथल्याच पोरांना जागा पुरत नाही, असं त्यानं सांगितलं.

जर्मनाला मात्र त्यानं न विचारता तालमीत नेलं.

त्याआधी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर त्याची ओळख परेड झाली. मीही होते, कारण माझ्याशिवाय परेड मुकी. नवऱ्याचे मित्र जमले होते. त्यातला एक निवृत्त तलाठी पावण्याचा हात धरून म्हणाला, "तुमच्यातला तो आखूड मिशीवाला, लई भारी माणूस हुता बगा. तसा एक हितं पायजे." आमच्याकडे अशी माणसं पुष्कळ आहेत. तो हुकूमशहा म्हणजे त्यांना कडक हेडमास्तर वाटतो. छळछावण्यांचं काही वाचलेलं नसतं, आणि सांगितलं तर ऐकायचं नसतं. मला लाज वाटली, पण त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, मी त्याचंही भाषांतर केलं. पावण्याचे कान लाल झाले. तो हळू आवाजात म्हणाला, "आमच्याकडे हे असं उघड बोलता येत नाही." मी ते मराठीत सांगितल्यावर सगळे हसले. तो शरमला, असं मला वाटलं. बिचाऱ्याच्या पूर्वजांचं पाप आम्ही चहाबरोबर काढलं, म्हणून घरी येऊन मी नवऱ्याला चार शब्द सुनावले.

तालमीत लाल मातीच्या हौद्यात उतरायचं तर अंगावर लंगोटाशिवाय काही चालत नाही. शर्ट घालून मातीत पाय ठेवला तर वस्ताद कानाखाली काढेल, मग तो जर्मन असो नाहीतर जिल्हाधिकारी. पावण्यानं थोडा वेळ आढेवेढे घेतले म्हणे. मग काढला शर्ट. पोरांनी त्याच्या अंगाला माती लावली, एका पोरानं त्याला दोनदा चीत केलं, त्यानं हसून टाळी दिली. नवऱ्यानं त्याचा वस्तादांबरोबर फोटो काढला आणि कौतुकानं स्टेटसला ठेवला.

लेक रात्रपाळी करून सकाळी आली, चहा घेता घेता फोन बघू लागली आणि तिचा चहा तसाच राहिला. तिनं फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला. पावण्याच्या दंडावर, मातीच्या आडून, एक काळं चाक गोंदलेलं दिसत होतं. आरे मध्येच मोडलेले, विजेसारखे. खाली एक आकडा.

तिच्या वर्गातली एक मुलगी आदल्या वर्षी त्याच भागात गेली होती. तिनं लेकीला फोनवर हे सगळं सांगितलेलं होतं, आणि लेकीनं ते आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही घाबरू. त्या आखूड मिशीवाल्याचं जुनं चिन्ह तिकडे कायद्यानं बंद आहे, म्हणून त्याला आजही मानणारी माणसं अशी दुसरी चिन्हं आणि आकडे वापरतात. पूर्वी टक्कल करून, दारू पिऊन रस्त्यावर ओरडत हिंडायची. आता तशी ओळखू येत नाहीत. केस नीट कापलेले, कपडे साधे, व्यसन नाही. सुट्टीच्या दिवशी रानात जमतात आणि मारामारीचा सराव करतात. हल्ली तर शाळेतली पोरंसुद्धा त्यात दिसतात. विजेच्या खांबांवर 'तुम्ही परत जा' अशा चिठ्ठ्या चिकटवतात. परदेशातून आसऱ्याला आलेल्यांच्या वसतिगृहावर त्यांनी पेटत्या बाटल्या फेकल्या, तेव्हा ही मुलगी भाजलेल्यांच्या वॉर्डात ड्युटीवर होती.

नवऱ्यानं हे ऐकून घेतलं. तो म्हणाला, "म्हंजे व्यायाम करत्यात, दारू पीत न्हाईत, एका जागी जमत्यात. ही तर तालीमच झाली की."

"पप्पा, कशासाठी जमतात ते ऐकलंत का?" लेक म्हणाली.

"ह्यो तसला न्हाय. घरात ऱ्हातोय, आपल्याला दिसत न्हाय व्हय? गोंदलंय नुसतं. हौस असती पोरांस्नी."

हौस असते हे खरंच. त्याच आठवड्यात तालमीतल्या एका पैलवानानं तो फोटो दाखवून रंकाळ्याजवळच्या गोंदणाऱ्याकडून तेच चाक दंडावर काढून घेतलं. शेजारी आधीपासून 'आई' लिहिलेलं होतं.

मी पावण्याला सरळ विचारावं, असं लेकीचं म्हणणं. मी टाळत होते. घरात खाणाऱ्या माणसाला असलं विचारायचं कसं, हा माझा भित्रेपणा. त्याला मी शिष्टाचार म्हणत होते. शेवटी ते नवऱ्यानंच काढलं, आणि तेही लेकीला खोटं पाडायला. पावण्याचं काम संपत आलं होतं. रविवारी मटण केलं, त्याच्यासाठी पांढरा रस्सा बेताच्या मिरीचा. लेकीला सुट्टी होती. आम्ही चौघं जेवायला बसलो आणि दुसरी वाढणी झाल्यावर नवरा मला म्हणाला, "त्याला सांग, पोरगी तुमच्याकडं येतीया. तुमच्या आईच्या आसपास एखादी खोली बघून द्या. आणि जरा ध्यान ठेवा म्हणावं, भावागत."

मी सांगितलं. शब्दाला शब्द, 'भावागत' धरून.

पावण्यानं चमचा खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडे बघून शांतपणे बोलला. आवाज चढला नाही. एखादा इंजिनियर यंत्राची क्षमता सांगतो तसं त्याचं चाललं होतं. इथे त्याला फार आवडलं. इथे जो तो आपल्या घरी आहे, म्हणून सगळे आनंदात आहेत. आम्हीही चांगली माणसं आहोत. पण...

मी नवऱ्याकडे वळले. एरवी असल्या वेळी योग्य शब्द शोधावा लागतो, क्षणभर थांबावं लागतं. त्या दिवशी थांबावं लागलं नाही. वाक्य घरात तयार होतं.

मी म्हणाले, "तो म्हणतोय, माणसं चांगली असतील, मी कुठं वाईट म्हणतोय? पण त्यांनी आपापल्या मुलखात राहावं. तिथली जागा तिथल्यांसाठी आहे."

नवऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "तू माजंच बोलणं त्याच्या तोंडात घालतीस व्हय?"

"नाही," मी म्हणाले.

"पप्पा, आईनं बरोबर सांगितलं," लेक म्हणाली. "तो हेच बोलला."

मग तिनं स्वतः त्याला जर्मनमध्ये एक प्रश्न विचारला. त्याला ती भाषा इथल्या जेवणाच्या पाटावर ऐकून बरं वाटलं असावं, कारण तो किंचित हसला. त्यानं उत्तर दिलं. तिनं आणखी काही विचारलं, त्यानं पुन्हा उत्तर दिलं, जरा लांब. या वेळी दुभाषी ती होती आणि तिचा आवाज सपाट होता, पेशंटच्या नातेवाइकांना तपासणीचा निकाल सांगावा तसा.

"मी विचारलं, मी आले तर तुझे मित्र माझं काय करतील. तो म्हणतो, संध्याकाळनंतर एकटी हिंडू नकोस. मी विचारलं, आणि तू? तो म्हणतो, मी मित्रांबरोबर असलो तर मला ओळख दाखवू नकोस. त्यांनी तुला काही केलं तर मी मधे पडणार नाही. तुमचं अन्न खाल्लंय, म्हणून आधीच सांगून ठेवतो."

तो उपकारच करत होता, त्याच्या मतानं. खोटं बोलला असता तर मी त्याला नुसता लबाड म्हटलं असतं. मला राग आला. त्याचा आला, आणि त्याला इतके दिवस मऊ भात करून घातला म्हणून स्वतःचा आला. नवऱ्याचा तर आधीपासून होताच. पण सगळ्यात जास्त भीती वाटली. आमची पोर त्या माणसाच्या ओळखीच्या भरवशावर जाणार होती, आणि त्याच्या ओळखीला तिथे काय किंमत आहे हे त्यानंच आमच्या ताटावर बसून सांगितलं होतं. टपरीवर त्याचे कान लाल का झाले होते, तेही मला तेव्हा कळलं. त्याला लाज वाटली नव्हती. मनातलं उघड बोलणारी माणसं भेटली म्हणून तो सुखावला होता.

पावणा उठायला लागला. नवरा म्हणाला, "जेवून घे म्हणावं त्याला. ताटावरनं उठवत न्हाय आपण कुणाला."

मी सांगितलं. तो जेवला. ताट त्यानं नेहमीप्रमाणे धुतलं, आणि तो वर गेल्यावर ते मी पुन्हा घासलं.

सकाळी नवऱ्यानं मालकाला फोन करून सांगितलं, की घरी गावाकडची माणसं येणार आहेत, खोली लागेल. पावण्याची बॅग त्यानं स्वतः जिन्यावरून खाली आणली. दारात पावण्यानं हात पुढे केला. नवऱ्यानं हात जोडले. पावण्याला ती आमची पद्धत वाटली असणार, कारण त्यानंही मान लववून हात जोडले.

आता लेक जाणार की नाही, हा प्रश्न राहिला. पश्चिमेकडची जागा एव्हाना दुसऱ्या कुणाला गेली होती. नवरा म्हणाला, "जाऊ नको. हितं काय उपाशी मरतीस काय?" मी तेच म्हणाले, जरा बऱ्या मराठीत. लेक तिच्या बापावर गेली आहे. ती म्हणाली, "तो म्हणतो येऊ नको म्हणून मी जायचं नाही? त्याला कोण विचारतंय?" तिकडच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना कूस बदलून द्यायला माणूस नाही, म्हणून त्यांनीच बोलावलंय, हेही तिनं सांगितलं. ती गेली.

त्या पैलवानाला नवऱ्यानं चाकाचा अर्थ समजावून सांगितला. त्यानं त्यावर मारुती काढून घेतला. नीट बघितलं तर मारुतीच्या गदेमागे ते मोडके आरे अजून दिसतात.

लेक इस्पितळानं भाड्यानं घेऊन दिलेल्या खोलीत राहते. खाली राहणारी म्हातारी रोज जिन्यात तिला विचारते, परत कधी जाणार. सुरुवातीला लेकीला वाटलं, आपुलकीनं विचारते. एकदा ट्रामच्या थांब्यावर तीन पोरांनी तिला खांद्यानं ढकललं आणि एक जण तोंडाजवळ तोंड आणून काही बोलला. गुडघा फुटला, बाकी काही झालं नाही. हे तिनं मला लिहून कळवलं आणि पुढे लिहिलं, पप्पांना सांगू नकोस. मी सांगितलं नाही. काटछाट करायची सवय आहेच.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिचा फोन येतो. नवरा स्पीकर लावून मध्ये ठेवतो आणि रोज तेच विचारतो, "आज कोण काय बोललं काय?"

"नाही पप्पा. सगळं ठीक आहे."

परवाही असंच झालं. फोन ठेवला आणि मी दुसरा चहा ओतला. मागच्या पत्र्याच्या खोलीतून त्या पोरांपैकी एकाचा आवाज येत होता, फोनवर, जरा ओरडूनच. नवऱ्याला हिंदी माझ्याशिवाय समजतं. पोरगा सांगत होता, हां अम्मा, यहाँ सब ठीक है, सब लोग अच्छे हैं.

नवरा कप हातात धरून ऐकत होता. मग मला म्हणाला, "खोटं बोलतीया ती."

"कशावरून?" मी विचारलं.

त्यानं मागच्या भिंतीकडे मान हलवली. "ही पोरं बी रोज घरी असंच सांगत्यात. आणि त्यांस्नी आपण काय काय बोलतो, ते मला म्हाईत हाय."